ओंटारिओ सरोवराचं पाणी कुणी अडवलं होतं? दोन देशांच्या सामाईक सरोवरांवरची देखरेख

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगा टोरांटोजवळ मिसिसागात राहतो आणि सरोवराकाठी घर बघतोय. तिथले शेजारी त्याला सांगतात की २०१७ आणि २०१९ साली लोकांच्या अंगणात पाणी शिरलं, कारण अमेरिका-कॅनडाच्या एका संयुक्त आयोगाने धरणाचे दरवाजे वेळेवर उघडले नाहीत. हे खरं का? पाणी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारीही त्याच आयोगाची का? आणि तुम्ही स्वतः सांगलीच्या, म्हणून शेवटचा प्रश्न: दोन देशांना जे जमतं ते कृष्णेवर दोन राज्यांना का जमत नाही?

मी नोकरीची पहिली आठ वर्षं कोल्हापूर-सांगली भागात नद्यांची पातळी आणि विसर्ग मोजण्यात घालवली आणि नंतरची वीस वर्षं ओंटारिओ प्रांतात जलशास्त्रज्ञ म्हणून. दोन्हीकडे पुरानंतर चिडलेल्या लोकांसमोर उभा राहिलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, एरी आणि ओंटारिओ या पाच सरोवरांचा पृष्ठभाग सुमारे २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राचा चार पंचमांश भाग पाण्याखाली आहे असं समजा. साठा सुमारे २२,७०० घन किलोमीटर, म्हणजे आपल्या कोयनेसारखी साडेसात हजार धरणं काठोकाठ भरतील इतका. ही सरोवरं जिन्याच्या पायऱ्यांसारखी आहेत. सुपीरियर समुद्रसपाटीपासून १८३ मीटरवर, मिशिगन-ह्युरॉन १७६ वर, एरी १७४ वर, मग नायगारा, आणि खाली ओंटारिओ ७५ मीटरवर. तिथून सेंट लॉरेन्स नदी माँट्रिअलवरून समुद्राला जाते.

या सगळ्या जिन्यात माणसाने दार बसवलेल्या जागा दोनच. सुपीरियरच्या तोंडाशी सू सेंट मेरी इथे १६ दरवाज्यांचं बांधकाम आणि वीजघरं आहेत, तर ओंटारिओच्या खाली कॉर्नवॉलजवळ मोझेस-साँडर्स धरण आहे. मधल्या मिशिगन-ह्युरॉन आणि एरीला दारच नाही. तिथे जेवढं पाणी येईल तेवढं उतारावरून पुढे जातं. नायगारापाशी थोडी व्यवस्था आहे, पण ती धबधब्यावरून किती पाणी पडावं आणि वीजघरांना किती जावं यापुरती. १९५० च्या करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान १ लाख क्युसेक पाणी धबधब्यावरून पडलंच पाहिजे. एरीची पातळी त्याने बदलत नाही. जानेवारी २०१३ मध्ये मिशिगन-ह्युरॉनची पातळी नोंदींतली सर्वांत कमी होती, १७५.५७ मीटर. सातच वर्षांनी, २०२० मध्ये, त्याच सरोवराने महिन्यामागून महिना उच्चांक मोडले. हा पाऊस, बर्फ आणि बाष्पीभवनाचा खेळ होता. सूचे दरवाजे कसेही चालवले तरी त्यात काही सेंटिमीटरांचाच फरक पडला असता.

आता २०१७ आणि २०१९.

ओंटारिओच्या खालचं धरण १९५४ ते १९५८ या काळात बांधलं. सरहद्द धरणाच्या मधोमध जाते. १६ जनित्रं कॅनडाची, १६ अमेरिकेची. जाता जाता सांगतो, या धरणासाठी ओंटारिओ प्रांताच्या बाजूची नदीकाठची गावं बुडाली आणि साडेसहा हजार माणसं उठवली गेली. आपल्याकडे धरणग्रस्त हा शब्द ऐकला की कोयना-उजनीच आठवतात, पण तिकडेही आजीच्या घराचा पाया पाण्याखाली आहे असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. अक्वेसास्ने इथल्या मोहॉक लोकांची जमीन आणि मासेमारीही गेली, आणि सरहद्दीवरच्या पाण्याबद्दलच्या १९०९ च्या ज्या करारावर हे सगळं उभं आहे त्यात मूळ रहिवाशांचं नावसुद्धा नाही. आयोगावर या समाजांतला पहिला आयुक्त नेमायला २०१९ साल उजाडावं लागलं. त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

धरणातून किती पाणी सोडायचं याचा आराखडा आयोगाने ठरवून दिलेला असतो आणि दोन्ही देशांच्या सभासदांचं एक नियमन मंडळ तो राबवतं. १९६३ पासून जो आराखडा होता त्याचा रोख पातळी अरुंद पट्ट्यात धरून ठेवण्यावर होता. जहाजं, वीज आणि किनाऱ्यावरची घरं यांना ते बरं पडलं, पण सरोवराकाठची पाणथळ जागा मरगळली. पाणथळ जागेला चढउतार लागतो. तो थांबला की एकटं पाणकणीस माजतं आणि बाकीच्या वनस्पती, मासे, पक्षी हटत जातात. सुमारे २६ हजार हेक्टर पाणथळ जागेचा हा प्रश्न होता. बरीच वर्षं अभ्यास आणि सुनावण्या झाल्यावर जानेवारी २०१७ मध्ये नवा आराखडा लागू झाला. त्यात पातळीला थोडं अधिक नैसर्गिक वर-खाली होऊ दिलं होतं.

आणि त्याच वर्षीच्या वसंतात आभाळ फाटलं. मे अखेर ओंटारिओ ७५.८८ मीटरवर गेलं, तेव्हा नोंदींतली सर्वोच्च पातळी. टोरांटो बेटं जुलैच्या अखेरीपर्यंत लोकांना बंद होती. २०१९ च्या जूनमध्ये तोही उच्चांक मोडून पाणी ७५.९२ वर पोचलं. नवा आराखडा आला आणि पूर आला, लोकांनी दोन्हींची सांगड घातली. मी त्यांच्या जागी असतो तर मीही घातली असती. न्यूयॉर्क राज्याने तर २०१९ मध्ये आयोगावर खटलाच भरला.

पण हिशेब मांडून बघा. ओंटारिओचं क्षेत्रफळ सुमारे १९ हजार चौरस किलोमीटर. त्याची पातळी आठवड्यात एक सेंटिमीटर खाली आणायची तर नेहमीपेक्षा सेकंदाला सुमारे ३१३ घनमीटर, म्हणजे ११ हजार क्युसेक जादा पाणी सलग सात दिवस सोडावं लागतं. हेच पाणी खाली माँट्रिअलजवळच्या छोट्या सेंट लुई सरोवरात शिरतं तेव्हा तिथली पातळी दहा सेंटिमीटरच्या आसपास चढते. वर एक बोट उतरवायला खाली वीत चढवायची, असा हा सौदा. दोन्ही वर्षी नेमकी त्याच वेळी ओटावा नदीला मोठा पूर होता आणि ती माँट्रिअलपाशीच सेंट लॉरेन्सला मिळते. दरवाजे पूर्ण उघडले असते तर क्युबेकमधली हजारो घरं बुडाली असती. म्हणून मंडळाने वरचं आणि खालचं नुकसान सांभाळत, ओटावा उतरेल तसा विसर्ग वाढवत नेला. पुढे सेकंदाला १०,४०० घनमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३ लाख ६७ हजार क्युसेक, तोही दोन दिवस नव्हे तर कित्येक आठवडे. त्याहून जास्त सोडलं असतं तर नदीत जहाजं चालवणंच धोक्याचं झालं असतं. सरोवराचा नेहमीचा सरासरी विसर्ग ७,००० घनमीटरच्या आसपास असतो, हे लक्षात घ्या.

हिवाळ्यात आधीच पाणी का सोडून ठेवलं नाही, हा पुढचा प्रश्न मला प्रत्येक सभेत विचारला गेलाय. थंडीत नदीवर बर्फाचा सलग थर धरावा लागतो. तो धरेपर्यंत प्रवाह मुद्दाम कमी ठेवतात. वेगात पाणी सोडलं तर बर्फाचे तुकडे एकावर एक चढून नदी तुंबते आणि काहीच पुढे जात नाही. शिवाय वसंतात किती पाऊस पडेल हे चार महिने आधी सांगणारं शास्त्र अजून कुणाकडे नाही. जानेवारीत सरोवर रिकामं केलं आणि पुढे दुष्काळ पडला तर जहाजं गाळात रुततात.

तर शेजाऱ्यांना उत्तर असं: पाणी अडवून धरलं नव्हतं. जुना आराखडा असता तरी पातळी जवळपास तिथेच गेली असती, असं मंडळाच्या हिशेबातून निघालं. तरी आयोगाची एक चूक मी मानतो. नवा आराखडा आणताना दार आपल्या हातात असलं तरी पाऊस आपल्या हातात नाही, हे काठावरच्या माणसाला त्याच्या भाषेत आणि पुराच्या आधी सांगायला हवं होतं. पूर आल्यावर सांगितलेलं खरंसुद्धा सबब वाटतं. पुढे आयोगाने आराखड्याचा तातडीचा फेरआढावा हाती घेतला, ते योग्यच झालं.

आता आयोगाकडे वळतो, कारण तुमच्या बाकीच्या दोन्ही प्रश्नांची किल्ली तिथे आहे. ११ जानेवारी १९०९ रोजी सीमाजल करार झाला, अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात, कारण तेव्हा कॅनडाचे परराष्ट्र व्यवहार ब्रिटन बघायचं. त्यातून संयुक्त आयोग निघाला. सहा आयुक्त, तीन इकडचे तीन तिकडचे. देश मोठा असो की लहान, खुर्च्या सारख्या. १९०९ मध्ये अमेरिकेची लोकसंख्या आणि ताकद कॅनडाच्या कितीतरी पट होती, हे लक्षात घेतलं की या समानतेचं मोल कळतं. आयुक्तांनी आपापल्या सरकारची वकिली करायची नसते, सहाजणांनी मिळून एक मत शोधायचं असतं. बहुतेक निर्णय एकमतानेच होतात.

आयोगाचे अधिकार मात्र दोन वेगळ्या जातींचे आहेत आणि इथेच लोकांची गल्लत होते. धरण, बंधारा, पाणी वळवणं अशा गोष्टींनी पलीकडची पातळी बदलणार असेल तर आयोगाची परवानगी लागते, आणि त्यातल्या अटी बंधनकारक असतात. पाणी वापराचा अग्रक्रमही करारातच आहे: आधी पिण्याचं आणि स्वच्छतेचं, मग जहाजं, मग वीज आणि सिंचन. दुसरी जात चौकशीची. सरकारांनी एखादा प्रश्न सोपवला की आयोग तपास करतो, शिफारस करतो, आणि ती मानणं न मानणं सरकारांच्या हातात राहतं. पाण्याची गुणवत्ता जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या प्रकारात मोडते.

म्हणजे करारात वचन नाही असं नाही. एका बाजूने पाणी इतकं घाण करायचं नाही की दुसऱ्या बाजूच्या लोकांच्या आरोग्याला किंवा मालमत्तेला इजा होईल, असं चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलंय. १९०९ साली! पण ते अमलात आणायला आयोगाला काठी दिली नाही. सीमेवरच्या शहरांत विषमज्वराने माणसं मरत होती, म्हणून १९१२ मध्ये पहिलीच मोठी चौकशी प्रदूषणाची झाली. पाण्यातल्या जिवाणूंचा हा तोवरचा जगातला सर्वांत मोठा अभ्यास मानला जातो. १९१८ च्या अहवालाने सीमेवरची अवस्था सर्वत्र धोकादायक आणि काही ठिकाणी लाजिरवाणी असल्याचं सरळ म्हटलं. आयोगाला अधिकार देण्याची बोलणी झाली, पण करार झाला नाही. शहरांनी पिण्याच्या पाण्यात क्लोरिन घालायला सुरुवात केली, विषमज्वर ओसरला आणि सांडपाणी सरोवरात जात राहिलं. नळाचं पाणी सुधारलं की नदीची काळजी संपते, हे मी पंचगंगेवरही पाहिलंय.

पुढची पन्नास वर्षं त्यातच गेली. साठच्या दशकात एरी सरोवर मेलं अशी भाषा सुरू झाली. १९६४ मध्ये पुन्हा चौकशी सोपवली गेली आणि या वेळी आयोगाच्या मंडळांनी एका गुन्हेगाराकडे बोट दाखवलं: फॉस्फरस. कपडे धुण्याच्या पावडरीतला, मैल्यातला, शेतातला. त्यावर शेवाळ वाढतं, ते मरून तळाशी कुजतं आणि पाण्यातला प्राणवायू खातं. साबण कंपन्यांनी तेव्हा बराच वाद घातला. पण दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून काढलेला आकडा असल्यामुळे, हा परक्यांचा आकडा आहे असं कुणालाच म्हणता आलं नाही. १५ एप्रिल १९७२ रोजी ओटावात निक्सन आणि पिएर ट्रूडो यांनी सरोवरांच्या पाण्याच्या गुणवत्तेचा करार केला. मोठ्या सांडपाणी केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फॉस्फरस नको, एरीत वर्षाला ११ हजार टनांपेक्षा जास्त जाऊ नये, अशी ठोस उद्दिष्टं ठरत गेली. ऐंशीच्या दशकात एरी सावरलं. माझ्या क्षेत्रातल्या माणसाला धीर देणारी ही गोष्ट आहे.

आणि मग ते पुन्हा बिघडलं. ऑगस्ट २०१४ मध्ये ओहायोतल्या टोलेडो शहरात जवळजवळ पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं मायक्रोसिस्टिन हे विष पाण्यात उतरलं होतं. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर जास्त दाट होतं. या वेळी गुन्हेगार नळकांड्याच्या तोंडाशी सापडत नव्हता. मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या हजारो शेतांतून खताचा विरघळलेला फॉस्फरस पावसाबरोबर येत होता. २०१६ मध्ये दोन्ही सरकारांनी २००८ च्या तुलनेत ४० टक्के कपातीचं उद्दिष्ट स्वीकारलं. पण कारखान्याला नोटीस देता येते, शेतकऱ्याच्या बाबतीत सरकारं ऐच्छिक योजनांवर थांबतात. आयोगाने आपल्या तीन वर्षांच्या आढाव्यात एरीतली प्रगती पुरेशी नाही असं सांगितलंय. सांगण्यापलीकडे तो काही करू शकत नाही. माझ्या मते संयुक्त देखरेखीची खरी मर्यादा हीच आहे, आणि टोलेडोसारखी वेळ पुन्हा आली तर दोष मी शिफारशी गुंडाळून ठेवणाऱ्यांना देईन.

दुसरी मर्यादाही सांगून टाकतो. करारात एकाच सरकारने चौकशी सोपवायची सोय आहे, पण प्रघात दोघांनी मिळून सोपवण्याचा. त्यामुळे एक जण अडला की गाडी अडते. ब्रिटिश कोलंबियातल्या कोळसा खाणींमधून सेलेनियम वाहत माँटानाच्या सीमेवरच्या कूकानुसा तलावात जातं. ते प्रकरण आयोगाकडे जावं अशी मागणी किती वर्षं चालली, आणि चौकशी सोपवली गेली मार्च २०२४ मध्ये.

मग सांगलीचं काय? मला विचाराल तर आयोगाची सर्वांत मोलाची गोष्ट त्याच्या अधिकारांत नाही, एका शून्यात आहे. दोन देशांच्या अभियंत्यांची एक समन्वय समिती १९५३ पासून पाण्याचे आकडे एकत्र जुळवते. सगळ्या सरोवरांची पातळी एकाच शून्यापासून मोजतात आणि तो शून्य क्युबेकमध्ये रिमूस्की इथल्या समुद्रपातळीला बांधलेला आहे. हिमयुगातल्या बर्फाचं ओझं गेल्यामुळे तिथली जमीन अजून हळूहळू वर उचलली जाते, उत्तरेला जास्त आणि दक्षिणेला कमी, म्हणून दर काही दशकांनी हा शून्य दोघं मिळून पुन्हा बांधतात. अमेरिकन माणूस आणि कॅनडाचा माणूस धोरणावर कडाडून भांडतात, पण आज पातळी किती यावर भांडत नाहीत.

आपल्याकडे सांगलीच्या आयर्विन पुलावरची पातळी लोक फुटांत सांगतात, ४५ फुटांना धोका. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, ५१९.६०. सामान्य माणसाला दोन्हींचा संबंध कसा लागणार? केंद्रीय जल आयोगाची केंद्रं कुरुंदवाड, अर्जुनवाडला आहेत, म्हणजे मोजमाप होत नाही असं नाही. पण २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्राने नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीमुळे पूर आल्याचं मानलं नाही, तरी काठावरच्या लोकांना ते पटलं नाही. कारण धरणामुळे पाणी तुंबून मागे किती चढतं, त्या फुगवट्याचा हिशेब दोन्ही राज्यांच्या माणसांनी एका टेबलाशी बसून, एकाच प्रारूपावर, एकाच सहीने मांडलेला नव्हता. कृष्णेचे लवाद पाणीवाटपासाठी आहेत. कुणाला किती टीएमसी हे ते सांगतात. पुराच्या रात्री दोन्हीकडच्या लोकांना एकच आकडा देणारं, बारमाही चालणारं, सारख्या खुर्च्यांचं मंडळ ही वेगळी गोष्ट आहे. पावसाळ्यात दोन्हीकडचे अभियंते एकमेकांना फोन करतात आणि मनापासून करतात. मीही केलेत. पण तो व्यवहार माणसांच्या ओळखीवर चालतो, बदली झाली की विरतो. सुरुवात अधिकारांपासून करायला गेलात तर दहा वर्षं न्यायालयात जातील. सुरुवात एका सामाईक शून्यापासून, सामाईक मापन केंद्रांपासून आणि दोन्ही राज्यांच्या नावाने रोज प्रसिद्ध होणाऱ्या एका तक्त्यापासून करा, असं मी कोणत्याही बैठकीत सांगेन.

राहता राहिलं मुलाचं घर. सरोवराची पातळी रोज प्रसिद्ध होते, ती त्याने वर्षभराची काढून बघावी. जानेवारीत कमी आणि जूनच्या सुमाराला जास्त, असा तिचा चढउतार असतो. घर हिवाळ्यात बघायला गेला तर पाणी लांब दिसेल, त्यावर जाऊ नये. ७५.९२ हा आकडा शांत पाण्याचा आहे. वादळात लाटा त्यावर आणखी चढतात. घराच्या मोजणी नकाशावर तळघराची उंची लिहिलेली असेल, पण ती बहुधा जमिनीच्या सर्वेक्षणाच्या शून्यापासून असते, सरोवराच्या शून्यापासून नाही, आणि दोन्हींतला फरक तळघरात पाणी येण्याइतका असू शकतो. सर्वेक्षकाकडून दोन्ही आकडे एकाच शून्यावर आणून घ्यावेत आणि किनाऱ्याची पूररेषा ठरवणाऱ्या स्थानिक कॉन्झर्वेशन ऑथॉरिटीकडून त्या पत्त्याचा कागद लेखी मागावा. कागद हातात येईपर्यंत इसारा देऊ नये.